दीडशे तिथले, दीडशे इथले

प्रश्न : मी निफाडची. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला असतात. गेले दोन उन्हाळे आम्ही दोघे तिकडे होतो. दुपारी मोबाईलवर ‘ओझोन १५०’ असे नारिंगी रंगात आले, की मुलगी नातवाला फुटबॉल खेळायला सोडत नाही. आमच्या नाशिककडेही फोनवर दीडशेचा आकडा कितीदा तरी दिसतो, पण दारे लावून कोणी बसत नाही. शिवाय ओझोन चांगला असतो, त्याला भोक पडले म्हणून शाळेत काळजी करायला शिकवले होते. मग हा घाबरायचा ओझोन कुठला? आणि आकडा सारखा, तर त्रासही सारखाच का नाही?

यजमानांचाही एक प्रश्न आहे. जावयांच्या परसात दोन द्राक्षवेली आहेत. उन्हाळ्यात पानांवर बारीक तपकिरी ठिपके येतात. हे म्हणतात, डाऊनी नाही, भुरी नाही, करपाही नाही. त्यातही लॉनजवळच्या, रोज पाणी मिळणाऱ्या वेलीवर ठिपके जास्त आणि कुंपणाकडच्या तहानलेल्या वेलीवर कमी. आयुष्य बागेत गेले, पण हे कोडे त्यांना सुटले नाही.

उत्तर : तुमच्या यजमानांचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. तो तुमच्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे, म्हणून त्याला शेवटी गाठू.

आधी भोकाचे. वायू एकच, फक्त राहण्याची जागा वेगळी. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर जो ओझोन आहे, तो सूर्याची अतिनील किरणे अडवतो. त्याचे उपकार मानावे तितके थोडे. पण तोच वायू नाकाशी आला की त्याचा स्वभाव बाधतो. तो फार चटकन दुसऱ्या पदार्थांवर तुटून पडतो आणि श्वासनलिकेचे नाजूक अस्तर त्याच्या तावडीत सापडते. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाकाच्या ओलाव्यात अडकून न पडता थेट फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जातो. खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणे, खोल श्वास पूर्ण न भरणे ही त्याची लक्षणे. दम्याच्या माणसाला तर तो हमखास सतावतो. झेरॉक्सच्या दुकानात जुन्या मशीनपाशी एक तिखट, विजेचा वास यायचा, आठवतो? तो त्याचाच. त्याचे नावही ग्रीक भाषेतल्या ‘वास येणे’ या क्रियापदावरून पडले. एकोणिसाव्या शतकात युरोपातले लोक समुद्रकाठी ‘ओझोनची शुद्ध हवा’ खायला जात. प्रत्यक्षात तो वास बव्हंशी समुद्रशेवाळाचा असे. आपल्याकडेही थंड हवेच्या ठिकाणी कोणीतरी छाती फुगवून ‘इथे ओझोन भरपूर!’ म्हणतोच. त्यावर हसून सोडून द्यावे.

आता रिव्हरसाइड. तुमची मुलगी-जावई राहतात तिथेच हा वायू का साचतो, हे समजले की पुढचे सोपे आहे. ओझोन कुठल्या धुराड्यातून बाहेर पडत नाही, तो हवेतच शिजतो. गाड्या-ट्रकच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे, पेट्रोल-रंग-द्रावकांच्या वाफा आणि वर रखरखीत ऊन, एवढा शिधा जमला की काही तासांत ओझोन तयार. हे ओळखले एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने, लॉस एंजेलिसशेजारच्या कॅलटेकमध्ये. १९४३च्या जुलैत त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले, तेव्हा युद्धाचे दिवस असल्यामुळे जपानने विषारी वायू सोडला अशी लोकांची समजूत झाली होती. गुन्हेगार त्यांच्याच रस्त्यांवर धावत होता. हागेन-स्मिटने हवा मोजायला रबराच्या पट्ट्या वापरल्या. पट्टी वाकवून ठेवायची आणि किती वेळात तिला चिरा पडतात ते बघायचे, की ओझोन किती ते कळते. जुन्या टायरला बाजूने भेगा पडतात, त्यातही या वायूचा हात असतो.

यात एक गंमत आहे. गाडीच्या नळीतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. म्हणून भर रहदारीच्या चौकात ओझोन कमी आणि शहराच्या वाऱ्याखालच्या गावात जास्त, असा उलटा न्याय होतो. लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत, तरी ओझोन वाढलेला दिसे, त्याचेही कारण हेच. समुद्रावरून दुपारचा वारा सुटतो, शहराची वाफ पूर्वेकडे ढकलतो, वाटेत ऊन तिला शिजवते आणि पुढे सॅन गॅब्रिएल, सॅन बर्नार्डिनोचे डोंगर आडवे येतात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी रिव्हरसाइड. स्वयंपाक लॉस एंजेलिसचा, ताट तुमच्या मुलीपुढे.

पुढे तुमचे दीडशे. इथेच पहिली फसगत आहे. अमेरिकेचा हवेचा निर्देशांक आणि आपला निर्देशांक या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीने ओझोन ८५ पीपीबी झाला, म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंत ओझोनचे ८५, की निर्देशांक १५० होतो. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात १५० व्हायला साधारण ६८ पीपीबीच पुरतात, कारण आपली ओझोनची पट्टी कागदावर अधिक कडक आहे. आपली आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी. अमेरिकेची ७०. त्यात काही मोबाईल ॲप्स भारतातल्या हवेलाही अमेरिकी पट्टी लावतात. तेव्हा पुढच्या वेळी ॲप कुणाची पट्टी वापरते ते आधी पाहा.

दुसरी फसगत मोठी आहे. आपला निर्देशांक म्हणजे आठ प्रदूषकांपैकी सर्वांत वाईट असलेल्याचा आकडा. वर्गातल्या सर्वांत वांड मुलाचे नाव फळ्यावर लिहायचे, बाकीच्यांनी मागे काय केले ते लिहायचेच नाही, अशातला हा प्रकार. हिवाळ्यात नाशिकला दिसणारे दीडशे बहुधा धुळीचे, म्हणजे पीएम २.५ किंवा पीएम १०चे असते. त्याच्या आड ओझोन कमी-जास्त असला तरी फळ्यावर येत नाही. ॲपमध्ये आकड्याखाली बारीक अक्षरांत प्रदूषकाचे नाव असते, तेवढे वाचत चला.

पण समजा दोन्हीकडे ओझोन खरोखर ८५ पीपीबी आहे. तरी त्रास सारखा होणार नाही. तुमच्या प्रश्नाचा गाभा हा आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेच्याच शहरांतून आले आहे. मिशेल बेल, फ्रान्सेस्का डोमिनिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते २००० या काळातल्या ९५ अमेरिकी शहरी भागांतल्या रोजच्या मृत्यूंची नोंद ओझोनच्या रोजच्या मापाशी ताडून पाहिली. गेल्या आठवड्यातला ओझोन १० पीपीबीने वाढला, तर त्या दिवसाचे मृत्यू सरासरी ०.५२ टक्क्याने वाढलेले दिसले. हा आकडा २००४ साली आला. टक्का लहान वाटतो, पण हवा सगळ्यांच्याच नाकात जाते, हे लक्षात घ्यावे.

मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा २००८चा पुढचा शोध. ०.५२ ही सरासरी, पण शहराशहरात फरक मोठा होता. मग ९८ शहरी भाग घेऊन त्यांनी विचारले, कुठल्या शहरात तेवढाच ओझोन जास्त जीव घेतो? उत्तरात हवेपेक्षा समाज जास्त दिसला. जिथे बेकारी जास्त, कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त, बसने जाणारे जास्त, तिथे फटका जास्त. घरोघरी सेंट्रल एसी असलेल्या शहरांत कमी. आपल्याला बस म्हणजे सगळ्यांचेच वाहन. पण अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत दुपारी बसथांब्यावर उभा राहतो तो बहुधा गाडी न परवडणारा माणूस. आणि ओझोन चढतो तोही दुपारीच.

एसीचे गणित एकदा नीट बघू या, कारण त्यात बरेच कोडे सुटते. बाहेर १०० असेल, तर खिडक्या लावून एसी चाललेल्या घरात साधारण १० ते ३० उरतो. खिडक्या सताड उघड्या असतील तर ७०-८०. भिंती, पडदे, गालिचा, अगदी माणसाच्या कातडीवरचे तेलसुद्धा ओझोन खाते. (त्यातून दुसरी काही रसायने तयार होतात, पण तो वेगळा प्रश्न.) मोजयंत्र मात्र उभे असते बाहेर. यंत्राने सांगितले ८५, आणि नाकाशी आले कुठे १५, कुठे ६५. २०१२ साली चेन, झाओ आणि वेश्लर यांनी याच अमेरिकी शहरांवर काम करून दाखवले, की घरात किती ओझोन शिरतो यातला फरक धरला, तर शहराशहरांतल्या मृत्यूंच्या फरकाचा एक भाग उलगडतो. ईशान्य अमेरिकेतल्या जुन्या शहरांत तेवढ्याच ओझोनचा परिणाम मोठा आणि दक्षिण कॅलिफोर्नियात, जिथे ओझोन सर्वांत जास्त, तिथे दर पीपीबीमागे लहान, असे जे उलटे चित्र दिसते, त्यातही खिडक्यांचा वाटा असावा.

यात कूलरवाल्यांनी फसू नये. आपला वाळ्याचा कूलर आणि कॅलिफोर्नियातला त्याचा भाऊ, दोघेही बाहेरचीच हवा आत ओढतात आणि चालायला खिडकी उघडी लागते. गारवा मिळतो, ओझोनपासून सुटका मिळत नाही. आणि एन-९५ मास्कही इथे कामाचा नाही. तो कण अडवतो, हा वायू आहे.

सवय होते का? काही अंशी होते, आणि धोका तिथेच आहे. प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत माणसांना लागोपाठ काही दिवस ओझोन दिला, तर दुसऱ्या दिवशी फुप्फुस सर्वांत जास्त कुरकुरते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत कुरकुर मावळते. सत्तरच्या दशकात कॅनडाहून आलेले लोक आणि दक्षिण कॅलिफोर्नियातले रहिवासी यांना तोच ओझोन दिला, तेव्हा पाहुण्यांना जास्त त्रास झाला. तुम्हालाच पहिल्या आठवड्यात घसा खवखवला आणि मुलगी म्हणाली ‘आई, मला काही होत नाही’, तर दोघी खरे बोलत असाल. पण कुरकुर थांबली तरी आतली सूज चालूच राहते असे दिसते.

आकडा पाहून माणसे कशी वागतात हाही स्थानिक परिस्थितीचाच भाग. मॅथ्यू नीडेल या अर्थशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयाची तिकिटे मोजली. धुरक्याचा इशारा जाहीर झाला की गर्दी घटे. दुसऱ्या दिवशीही इशारा आला, तर मात्र लोक पुन्हा जाऊ लागत. एक दिवस नातवाला घरात बसवता येते, दोन दिवस नाही, हे कुठल्याही आजीला तिकिटे न मोजता माहीत आहे. पण शेतात किंवा गोदामात ज्याचा रोज कामावर ठरतो, त्याला हा एक दिवसही मिळत नाही. नीडेल आणि त्याचा सहकारी ग्राफ झिविन यांनीच कॅलिफोर्नियातल्या फळबागांतले, मोजून तोडणीचे पैसे मिळणारे मजूर पाहिले. २०१२च्या त्यांच्या निबंधात ओझोनमधल्या दर १० पीपीबी फरकामागे मजुरांच्या कामात ५.५ टक्के फरक निघाला. ते मजूर दवाखान्यात गेले नव्हते. फक्त त्यांच्या पेट्या कमी भरल्या.

सगळेच दाखले असे सरळ मात्र नसतात. १९९६च्या ऑलिंपिकसाठी अटलांटाने शहरातली गाडीगर्दी आवरली. सकाळच्या भर वेळची रहदारी २२.५ टक्क्यांनी घटली, ओझोनचा रोजचा उच्चांक जवळजवळ २८ टक्क्यांनी उतरला, आणि गरिबांच्या सरकारी विम्याच्या नोंदीत मुलांचे दम्याचे तातडीचे उपचार ४१.६ टक्क्यांनी कमी झाले. २००१ साली हा निबंध आला आणि वर्षानुवर्षे भाषणांत फिरला. मीही तो एकदा मोठ्या विश्वासाने सांगितला आहे. पुढे २०१०च्या फेरतपासणीत दिसले, की त्याच दिवसांत आग्नेय अमेरिकेतल्या ऑलिंपिक नसलेल्या गावांतही ओझोन उतरला होता. म्हणजे मोठे श्रेय हवामानाचे. ऋतूप्रमाणे होणारा चढउतार वजा केल्यावर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागातली घटही स्पष्ट उरली नाही. रहदारी आवरू नये असा याचा अर्थ नाही. ओझोन गावातल्या गावात बनत नाही, एवढाच अर्थ आहे.

आता निफाड आणि रिव्हरसाइड शेजारी ठेवू. ओझोन तेवढाच असताना खिडक्या उघड्या असलेल्या घरात, बांधावर दिवसभर राबणाऱ्या माणसाला, धूळ आणि धूर आधीच फुप्फुसात असताना फटका जास्त बसणार, असे या सगळ्यावरून वाटते. आपल्याकडे कोणी दार लावत नाही त्याचे कारण हवा बरी आहे हे नसून दार लावायची सोय नाही, हे आहे. आपली एक जमेची बाजू म्हणजे पावसाळा. ढग आले, समुद्रावरची स्वच्छ हवा आली, की ओझोन वर्षातल्या नीचांकाला जातो. रिव्हरसाइडला नेमके त्याच महिन्यांत, जुलै-ऑगस्टमध्ये, आभाळ कोरडे आणि ऊन कडक. तुम्ही इकडचा सर्वांत चांगला काळ सोडून तिकडच्या सर्वांत वाईट काळात जाता.

नातवाच्या बाबतीत मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच १२ गावांत ३,५३५ मुलांना, ज्यांना दमा नव्हता, काही वर्षे पाहिले गेले. हा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. जास्त ओझोनच्या गावांत तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा जडण्याचा धोका मुळीच न खेळणाऱ्यांच्या ३.३ पट निघाला. कमी ओझोनच्या गावांत खेळाचा असा काही परिणाम दिसला नाही. खेळ वाईट नाही, खेळताना ओढलेला श्वास मोठा असतो. बसल्याजागी मोठा माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो, जोराने धावताना पन्नास-साठ. म्हणून खेळ बंद करायचा नाही, त्याची वेळ बदलायची. सकाळी नऊपर्यंत मैदान मोकळे. दुपारी एक ते सहा टाळावे. तुमचे यजमान संध्याकाळी पाचला ऊन उतरले म्हणून फिरायला निघत असतील, तर त्यांना सांगा, उन्हाचे तापमान उतरते पण ओझोन त्या वेळी अजून चढलेलाच असतो. निफाडची पहाटे साडेपाचची सवय तिथेही चालू ठेवावी. घरात कोणी ‘ओझोन सोडून हवा शुद्ध करणारे’ यंत्र आणले असेल, तर ते आधी बंद करा. कॅलिफोर्नियाने अशा यंत्रांच्या ओझोनवर २०१०पासून मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. एसी नसलेल्या घरात मात्र ओझोनच्या भीतीने खिडक्या लावून कोंडून घेऊ नये. उकाडा त्याहून लवकर मारतो.

राहिल्या वेली. यजमानांची नजर पक्की आहे. द्राक्षाच्या पानांवरचे हे ठिपके ओझोनचे आहेत हे १९५८ साली दक्षिण कॅलिफोर्नियातच ओळखले गेले. त्यांना ऑक्सिडंट स्टिपल म्हणतात. पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, आणि कोवळ्या पानांपेक्षा जुन्या पानांवर आधी. बुरशी नाही, त्यामुळे पुसून किंवा फवारून जात नाहीत.

आणि पाण्याचे कोडे? पान श्वास घेते ते पर्णरंध्रांतून. पाणी भरपूर असले की ती रंध्रे दुपारी उघडी राहतात आणि ओझोनही आत जातो. तहानलेली वेल पाणी वाचवायला रंध्रे मिटते, त्यामुळे ओझोन बाहेरच राहतो. हवा दोघींना एकच, पण लॉनजवळचीने दारे उघडी ठेवली आणि कुंपणाकडचीने लावून घेतली. मात्र दारे लावली की कर्बवायूही आत येत नाही, म्हणून कुंपणाकडच्या वेलीचे मणी बारीक राहिले असतील. यजमानांनी ते पाहिलेच असेल.

तरी माझे खरे मानण्याआधी त्यांनी पान उलटे करून भिंगाने बघावे. मागच्या बाजूला बारीक जाळी दिसली, तर माझे हे सगळे बाद. मग तो साधा लाल कोळी आहे, आणि त्याचे काय करायचे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक.